एका थेंबात एकच

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून ठेवले की सकाळी दही लागलेले असते. अर्धा चमचा घातला तरी लागते. फार तर थोडा उशीर होतो. समजा, एकच थेंब घातला तर? त्या थेंबाचा हजारावा हिस्सा घातला तर? लाखावा? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले म्हणतील, "दही लागायला उशीर होत जाईल." काही म्हणतील, "दही पातळ लागेल." पण एखादी मुलगी कदाचित म्हणेल, "कधी लागेल, तर कधी लागणारच नाही."

हे तिसरे उत्तर बरोबर आहे. आणि ते का बरोबर आहे, याचा शोध घेता घेता जीवशास्त्राला एक फार उपयोगी साधन मिळाले. द्रवाचे लहान लहान थेंब करायचे, इतके लहान की एका थेंबात एकच जिवाणू, एकच पेशी किंवा एकच रेणू यावा. मग प्रत्येक थेंबाला विचारायचे, "तुझ्यात आहे की नाही?" आज या विषयाला सूक्ष्मथेंबांचे तंत्र म्हणतात आणि त्याची महागडी यंत्रे मिळतात. पण त्याचा इतिहास पाहिला, तर त्यातले महत्त्वाचे टप्पे आश्चर्य वाटावे इतक्या साध्या सामग्रीने गाठलेले दिसतात.

लिस्टर यांचे दुधाचे पेले

जोसेफ लिस्टर हे नाव आपल्याला शस्त्रक्रियेच्या संदर्भात माहीत असते. कार्बॉलिक आम्ल वापरून जखमा जंतूंपासून सुरक्षित ठेवण्याची पद्धत त्यांनी १८६७ साली प्रसिद्ध केली. या पद्धतीमागे पाश्चर यांचा विचार होता : आंबणे, कुजणे या क्रिया सूक्ष्मजीव घडवून आणतात. पण हा विचार तेव्हा सर्वांना मान्य नव्हता. आंबलेल्या दुधात जिवाणू दिसतात हे खरे. पण दूध त्यांच्यामुळेच आंबते कशावरून? दुधात विरघळलेला एखादा रासायनिक पदार्थ ते आंबवत असेल आणि जिवाणू केवळ सोबत येत असतील, अशी शंका घेतली जाई. गाळून किंवा तापवून या शंकेचे निरसन होत नव्हते. तापवले तर दोन्ही नष्ट होणार!

१८७७-७८ मध्ये लिस्टर यांनी एक वेगळीच वाट काढली. आंबलेल्या दुधाच्या अगदी थोड्या भागात किती जिवाणू आहेत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्यावरून हिशेब करून ते दूध उकळलेल्या पाण्याने इतके विरल केले, की एका लहानशा थेंबाच्या वाट्याला सरासरी एखादाच जिवाणू यावा. थेंब टाकण्यासाठी त्यांनी स्क्रूने दट्ट्या पुढे सरकवणारी खास सिरिंज वापरली. तिच्यातून एका 'मिनिम'चा शंभरावा भाग एवढा थेंब काढता येई. आजच्या मापात तो सुमारे ०.६ मायक्रोलीटर, म्हणजे मिलिलीटरच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही लहान होतो. असा एकेक थेंब त्यांनी जंतुमुक्त केलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या पेल्यांत सोडला.

काही पेल्यांतील दूध नेहमीसारखे घट्ट विरजले. उरलेले पेले कित्येक दिवस जसेच्या तसे गोड राहिले. आणि विरजलेल्या पेल्यांत दरवेळी तोच जिवाणू सापडला. आज आपण त्याला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतो. आपल्या घरच्या दह्यातही तो आढळतो.

आता यातला तर्क पाहा. आंबवणारा पदार्थ मिठासारखा विरघळलेला असता, तर प्रत्येक थेंबात तो सारखाच थोडाथोडा आला असता. मग सगळे पेले सारखेच, कदाचित सावकाश, आंबले असते. पण इथे काही पेले पूर्ण आंबले आणि काही मुळीच नाही. अधलेमधले काही नाही. याचा अर्थ, दूध आंबवणारी वस्तू सुट्या कणांच्या स्वरूपात आहे. कणाचे अर्धे-पाव करता येत नाहीत. तो एका थेंबात असतो किंवा नसतो. जिवाणूच्या पहिल्या शुद्ध संवर्धनाचे श्रेय या प्रयोगाला दिले जाते. पण शिक्षक म्हणून मला त्यातला हा तर्क अधिक मोलाचा वाटतो.

रिकामे थेंब काय सांगतात?

इथे चौकस विद्यार्थी विचारील, "सरासरी एक म्हणजे प्रत्येक थेंबात एक असे थोडेच आहे?" बरोबर. १०० जिवाणू १०० थेंबांत वाटले गेले, तर प्रत्येकाला एकेक मिळत नाही. काहींना दोन-तीन मिळतात, काही रिकामे राहतात.

हे वर्गात सहज करून पाहता येईल. वहीत १० × १० असा शंभर घरांचा तक्ता काढा आणि घरांना ०० ते ९९ असे क्रमांक द्या. मुलांना शाळेच्या फाटकाशी उभे करून येणाऱ्याजाणाऱ्या १०० वाहनांच्या क्रमांकांतील शेवटचे दोन अंक लिहून आणायला सांगा. प्रत्येक वाहनासाठी त्या क्रमांकाच्या घरात एक टिंब द्या. शेवटी रिकामी घरे मोजा. ती साधारण ३७ भरतील. एकच टिंब असलेली घरेही जवळपास तितकीच, दोन टिंबांची १८ च्या आसपास आणि उरलेल्या आठेक घरांत तीन किंवा अधिक. प्रत्येक वर्गाचे आकडे थोडे वेगळे येतील, पण फार वेगळे नाहीत.

या वाटणीचे गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ साली मांडले. त्याचा आपल्याला दुहेरी उपयोग होतो. पहिला असा : एका थेंबात एकाहून अधिक नकोच असतील, तर सरासरी बरीच कमी ठेवायची. दहा थेंबांमागे एक जिवाणू, अशी सरासरी ठेवली तर १,००० थेंबांपैकी सुमारे ९०५ रिकामे, ९० मध्ये एकेक आणि केवळ पाचेक थेंबांत एकाहून अधिक जिवाणू असतात. बहुतेक थेंब वाया जातात खरे. पण जे भरलेले आहेत ते जवळजवळ सगळे 'एकटे' असतात.

दुसरा उपयोग अधिक गमतीचा आहे. नुसते रिकामे थेंब मोजून मूळ द्रवात एकूण किती कण होते, हे सांगता येते! रिकामी घरे ३७ टक्के असतील, तर सरासरी एक. ९० टक्के असतील, तर सरासरी जवळजवळ ०.१. प्रत्यक्ष कण मोजावाच लागत नाही.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. मॅकक्रेडी यांनी १९१५ साली याच विचाराने पाण्यातील जिवाणू मोजण्याचे गणित बसवले. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांत लॅक्टोजयुक्त द्रवाच्या नळ्यांत ठरावीक माप पाणी घालतात आणि किती नळ्यांत आम्ल व वायू तयार झाला हे मोजून 'एमपीएन' आकडा काढतात, तो याच पद्धतीने. आपल्या गावच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, याचा निवाडाही 'किती नळ्या हो म्हणाल्या आणि किती नाही' यावर होतो.

तेलाखालचा थेंब

लिस्टर यांचा थेंब सुमारे एक मिलिमीटर व्यासाचा होता. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका जिवाणूला गाठायचे तर त्याहून लहान थेंब हवा. पण केसाच्या जाडीइतका थेंब उघड्यावर ठेवला तर पाहता पाहता सुकून जातो. यावर उपाय स्वयंपाकघरातला आहे : वर तेल ओतायचे. पाण्याचा थेंब तेलात मिसळत नाही आणि तेलाखाली तो लवकर सुकतही नाही.

१९५४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जोशुआ लेडरबर्ग यांनी याविषयी एक छोटासा लेख लिहिला. सुटे सूक्ष्मजीव वेगळे करण्याची एक सोपी पद्धत, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. आणि पद्धत खरोखरच सोपी होती. काचेची बारीक ओढलेली केशनलिका, तेलाचा थर, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. नलिकेने तेलाखाली जिवाणूंच्या द्रवाचे लहान लहान थेंब ठेवायचे, कोणत्या थेंबात एकच जिवाणू आहे ते पाहायचे आणि तेवढेच थेंब पुढे वापरायचे.

तीन वर्षांनी हीच सामग्री एका मोठ्या वादात उपयोगी पडली. आपल्या शरीरात रोगजंतू शिरले की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. शरीर हजारो प्रकारच्या जंतूंविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे कशी बनवते? लायनस पॉलिंग यांनी १९४० साली मांडलेली कल्पना अशी होती, की बाहेरून आलेला पदार्थ साच्यासारखे काम करतो आणि प्रतिपिंड त्याच्यावर बेतले जाते. असे असेल तर एकच पेशी, साचा मिळेल तसे, कोणतेही प्रतिपिंड बनवू शकेल. याउलट मेलबर्नचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ साली म्हटले, की प्रत्येक पेशी आधीपासूनच एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवण्यास बांधलेली असते. जंतू येऊन फक्त योग्य पेशीची निवड करतो आणि ती वाढू लागते.

कोण बरोबर? रक्त तपासून उत्तर मिळत नव्हते. रक्तात लक्षावधी पेशींनी सोडलेली प्रतिपिंडे एकत्र झालेली असतात. तिथे दोन्ही मतांचा निष्कर्ष सारखाच दिसतो. उत्तर हवे तर एकेका पेशीला एकटे गाठून विचारायला हवे.

त्याच वर्षी लेडरबर्ग काही काळ बर्नेट यांच्या संस्थेत पाहुणे म्हणून गेले होते. तिथे गुस्ताव नोसल हे तरुण संशोधक होते. लेडरबर्ग यांच्याकडून नोसल यांनी तेलाखालच्या थेंबांचे तंत्र शिकून घेतले. बर्नेट यांचे मत खोटे पाडता येते का, हे पाहण्याचा नोसल यांचा इरादा होता. गुरूच्या संस्थेत बसून गुरूचे मत तपासायला घेणे, हेही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

त्यांनी उंदरांना दोन वेगवेगळ्या साल्मोनेला जिवाणूंचे घटक टोचले, म्हणजे शरीरात दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे बनतील. मग त्या उंदरांच्या लसिका ग्रंथींतील पेशी घेऊन तेलाखाली एका थेंबात एक पेशी ठेवली. पेशीला काही तास दिले. नंतर त्या थेंबात एका प्रकारचे मोजके जिवंत, पोहणारे जिवाणू सोडले. प्रतिपिंड असेल तर जिवाणूंची शेपटे अडकून ते जागच्या जागी थांबतात. नसेल तर मजेत पोहत राहतात. हीच चाचणी दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंनीही केली. सुमारे साडेचारशे पेशी तपासल्या. त्यांपैकी साठेक पेशी प्रतिपिंड बनवत होत्या. काही पहिल्या जिवाणूला थांबवत, काही दुसऱ्याला. दोघांनाही थांबवणारी एकही पेशी सापडली नाही!

१९५८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाद लगेच मिटला नाही. इतरांचे उलटसुलट निष्कर्षही आले. पण पुढच्या वर्षांत बर्नेट यांचाच विचार टिकला. 'एका पेशीचे एकच प्रतिपिंड' या तत्त्वावर कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत काढली. आज गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीपासून कर्करोगावरील काही औषधांपर्यंत तिचा वापर होतो.

सरासरीने लपवलेले

पेशीनंतर पाळी आली रेणूची. १९६१ साली बोरिस रोटमन यांनी बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमवर प्रयोग केला. दुधातील लॅक्टोज तोडणारे हे एन्झाइम. रोटमन यांनी त्याला असा पदार्थ दिला, की तो तुटला की चमकू लागेल. पण एका रेणूने केलेले काम परीक्षानळीभर द्रवात पसरले तर ते कुणालाच दिसणार नाही. म्हणून त्यांनी हे मिश्रण सिलिकॉन तेलात फवारले. फवाऱ्यातून लहानमोठे थेंब झाले. त्यांतील मोजलेले थेंब सुमारे १४ मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे साधारण एका मिलिलीटरच्या अब्जाव्या भागाएवढे होते. एवढ्याशा जागेत एका रेणूचे काही तासांचे काम साठले की थेंब सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना दिसतो. काही थेंब अंधारे राहिले, काहींची चमक एका रेणूइतकी, काहींची त्याच्या दुप्पट. एन्झाइमच्या एकेका रेणूची क्रिया अशी प्रथमच मोजता आली.

यापुढचा भाग तर वर्गात जरूर सांगावा. एन्झाइमचे द्रावण थोडे तापवले की त्याची क्रिया कमी होते, हे आपण प्रयोगवहीत आलेख काढून दाखवतो. समजा ती निम्मी झाली. पण निम्मी झाली म्हणजे नेमके काय झाले? सगळे रेणू अर्धमेले झाले, की निम्मे पूर्ण निकामी झाले आणि निम्मे धडधाकट राहिले? वर्गाचे सरासरी गुण ५० असतील तर प्रत्येकाला ५० मिळाले असतील, किंवा निम्म्यांना १०० आणि निम्म्यांना शून्य. सरासरीवरून ते कळत नाही. रोटमन यांनी तापवलेल्या द्रावणाचे थेंब पाहिले. चमकणाऱ्या थेंबांची संख्या कमी झाली होती, पण जे चमकत होते ते पूर्वीइतकेच चमकत होते. म्हणजे उरलेले रेणू धडधाकट होते. लिस्टर यांच्या पेल्यांनी दिलेले तेच उत्तर इथेही मिळाले : आहे किंवा नाही.

थेंब एकसारखे कसे करायचे?

फवाऱ्याची अडचण अशी, की थेंब लहानमोठे होतात. मग चमक कमी आहे ती रेणू मंद म्हणून, की थेंब मोठा म्हणून? मोजणी नेमकी हवी तर थेंब एकसारखे हवेत.

नळ बारीक सोडला की वरती पाण्याची अखंड धार दिसते आणि खाली तिचे थेंब होतात. बेल्जियमचे जोसेफ प्लेटो यांनी दृष्टी गेल्यावरही इतरांच्या मदतीने असे प्रयोग चालू ठेवले आणि १८७३ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी १८७८-७९ च्या सुमारास त्याचे गणित केले. धारेवर कुठेतरी किंचित फुगवटा आणि आकुंचन आले आणि त्यांची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त असली, तर पृष्ठताण ते आकुंचन आणखी आवळत नेतो आणि धार तुटते. कारण तेवढ्याच पाण्याचा पृष्ठभाग लांबट धारेपेक्षा गोल थेंबांत कमी असतो. थेंब करण्याचे काम निसर्ग आपणहून करतो. आपण फक्त धार कुठे आणि कधी तुटावी याची शिस्त लावायची.

ही शिस्त २००१ साली कॅलिफोर्नियातील थॉर्सन, रॉबर्ट्स, अर्नोल्ड आणि क्वेक या चौघांनी लावून दाखवली. केसाच्या जाडीच्या वाटा कोरलेल्या एका लहानशा चकतीत त्यांनी इंग्रजी 'टी' अक्षरासारखा सांधा केला. सरळ वाटेने तेल, आडव्या वाटेने पाणी. पाण्याची जीभ तेलात शिरते, तेल तिला ढकलते, मान बारीक होते आणि थेंब तुटतो. इतक्या अरुंद वाटेत द्रव मधासारखा शांत वाहतो, भोवरे होत नाहीत. म्हणून प्रत्येक थेंब आधीच्या थेंबासारखाच तुटतो. पुढे अशा चकत्यांतून सेकंदाला हजारो थेंब निघू लागले.

आम्ही एका शिक्षक-शिबिरात हा सांधा सलाईनच्या नळीचा केला होता. नव्या, पारदर्शक नळीच्या टोकाला २० मिलिलीटरची सिरिंज जोडून तिच्यात गोडे तेल भरले. नळीच्या भिंतीतून इन्शुलिनच्या नव्या सिरिंजची सुई तिरपी खुपसली. त्या सिरिंजमध्ये निळी शाई घातलेले पाणी. एकाने तेल सावकाश ढकलायचे, दुसऱ्याने पाणी. नळीतून निळ्या मण्यांची माळ निघाली. तेल जोरात ढकलले की मणी लहान होत, हळू ढकलले की मोठे. (सुई शिक्षकांनीच हाताळावी, वापरलेल्या सुया किंवा नळ्या मुळीच घेऊ नयेत.) आमचे मणी सुमारे एक मिलिमीटरचे होते, म्हणजे लिस्टर यांच्या थेंबाएवढेच! वाटीत उतरल्यावर मात्र ते एकमेकांत मिसळून गेले. ते सुटे राहावेत म्हणून प्रयोगशाळेत तेलात साबणासारखा एक खास पदार्थ घालतात. तो थेंबाभोवती पातळ कुंपण घालतो.

एका बाईंनी तेव्हा विचारले, "पण सर, थेंब लहान करून मिळते काय?" हिशेब फळ्यावर मांडला. व्यास १ मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटरवर आणला, तर आकारमान हजारपट कमी होते. ०.१ मिलिमीटरचा थेंब अर्ध्या नॅनोलीटरचा. एक मिलिलीटर द्रवाचे असे १९ लाख थेंब होतात. म्हणजे १९ लाख परीक्षानळ्या, एका लहान चमच्यात मावतील एवढ्या. आणि एक जिवाणू मिलिलीटरभर पाण्यात हरवलेला असतो. तोच अशा थेंबात कोंडला, की जणू १९ लाखपट गडद होतो.

डीएनए मोजणारे थेंब

याचा मोठा उपयोग डीएनए मोजण्यासाठी झाला. डीएनएच्या एका तुकड्याच्या लक्षावधी प्रती करणारी पीसीआर पद्धत १९८३ साली कॅरी मुलिस यांना सुचली. १९९९ मध्ये अमेरिकेत व्होगेलस्टाइन आणि किन्झलर यांनी तिला लिस्टर यांच्यासारखे विरलनाचे तंत्र जोडले. कर्करोगात बदललेले एखादे जनुक हजारो निरोगी जनुकांच्या गर्दीत दबून जाते. पण नमुना इतका विरल करून वाटला की प्रत्येक खळग्यात सरासरी एकाहून कमी रेणू यावा, तर ते बदललेले जनुक ज्या खळग्यात पडेल तिथे एकटेच असते आणि स्पष्ट दिसते. २०११ साली खळग्यांची जागा थेंबांनी घेतली. एका नमुन्याचे सुमारे २०,००० थेंब करणारे यंत्र तयार झाले. समजा २०,००० पैकी १४,८०० थेंब अंधारे राहिले. मग चमकणारे ५,२०० असले तरी मूळ रेणू सुमारे ६,००० होते, कारण काही थेंबांत दोन-दोन होते. वाहनांच्या क्रमांकांचा आपला तक्ताच हा!

२०१५ साली हार्वर्डमधील दोन गटांनी एका थेंबात एक पेशी आणि एक खुणेचा मणी कोंडून हजारो पेशींतील कार्यरत जनुकांची एकाच वेळी नोंद घेतली. त्यातील एका गटाने उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशी तपासून त्यांचे ३९ गट पाडले.

पुन्हा साध्या नळीकडे

आतापर्यंत गोष्ट साध्याकडून अवघडाकडे गेली. चकती बनवायला धूळमुक्त खोली हवी, तेल-पाणी ढकलायला अचूक पंप हवेत, चालवायला सराव हवा. लहान महाविद्यालयाला किंवा तालुक्याच्या रुग्णालयाला ते कसे जमणार?

याचे एक उत्तर १९९८ सालीच दिसले होते. केंब्रिजमध्ये टॉफिक आणि ग्रिफिथ्स यांनी जनुके असलेले पाणी तेलात घालून नुसते चुंबकाच्या दांडीने घुसळले. ताक घुसळावे तसे! एका मिलिलीटरमध्ये सुमारे हजार कोटी इवलेसे थेंब झाले आणि प्रत्येकात जनुकावरून प्रथिन बनण्याची क्रिया चालू झाली. थेंब लहानमोठे होते, पण त्यांच्या कामाला ते चालले.

एकसारखे थेंब आणि साधे घुसळणे यांचा मेळ २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अ‍ॅडम अबाटे यांच्या गटाने घातला. त्यांची युक्ती समजायला भिजवलेला साबुदाणा आठवा. दाणे सारख्या आकाराचे, पाण्याने टच्च भरलेले. ते तेलात घालून जोराने हलवले, तर भोवतालचे पाणी फाटत जाईल. पण दाणा फाटणार नाही. शेवटी प्रत्येक दाणा पाण्याचे पातळ आवरण घेऊन एकटा उरेल. थेंबाचा आकार हलवणाऱ्याच्या हातावर नव्हे, तर दाण्यावर ठरेल. साबुदाण्याऐवजी त्यांनी जेलीचे सूक्ष्म मणी घेतले आणि हलवण्यासाठी व्होर्टेक्स मिक्सर, म्हणजे जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत टेबलावर असणारे नळी थरथरवणारे यंत्र. २०२३ साली याच युक्तीने हजारो पेशींतील जनुकांची नोंद चकतीशिवाय, एका नळीत करून दाखवण्यात आली.

यात एक गोष्ट लपवू नये. एकसारखे मणी बनवायला बहुधा चकतीच लागते. पण ती एका ठिकाणी असली की पुरते. मणी बाटलीत भरून कुठेही पाठवता येतात. अवघड काम एकदाच, एका जागी करायचे आणि सोपे काम सगळीकडे, ही वाटणी आपल्यासारख्या देशाला विशेष सोयीची आहे.

वर्गात करून पाहा

लिस्टर यांचा प्रयोग शाळेत करता येतो. वीस-पंचवीस परीक्षानळ्यांत १० मिलिलीटर दूध भरा, कापसाचे बोळे लावा आणि कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवून थंड होऊ द्या. तसेच वाफवलेले पाणी घेऊन ताज्या दह्याचे एकास दहा या प्रमाणात पुन्हा पुन्हा विरलन करा, आठ वेळा. दरवेळी नवी निर्जंतुक पिपेट किंवा ड्रॉपर घ्या. दह्याच्या एका मिलिलीटरमध्ये साधारण दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू असतात. म्हणून सहाव्या, सातव्या आणि आठव्या विरलनाचा एकेक थेंब प्रत्येकी सहा नळ्यांत टाका. दोन-तीन नळ्यांत काहीच टाकू नका. सर्व नळ्या उबदार जागी दोन-तीन दिवस ठेवा. चाखून पाहू नका. काहीच न टाकलेल्या नळ्या नासल्या, तर आपली स्वच्छता कमी पडली असे समजून पुन्हा करा.

सगळे नीट झाले तर एखाद्या विरलनात काही नळ्यांत दही लागेल आणि काहींत दूध तसेच राहील. त्या दोन नळ्या शेजारी शेजारी धरून मुलांना विचारा, "यात अर्धवट काहीच का नाही?" उत्तर लगेच सांगू नका. लिस्टर यांच्याजवळ एक सिरिंज आणि काही पेले होते. आपल्याजवळही साधारण तेवढेच आहे.